लिव्हर काढणार नाही

“हा लिव्हर काढा, ब्रॅकेट ग्राइंडरने घासून टाका, तिथे फ्रेमला रंग मारा आणि पुढच्या वर्षी परत या. पहिलं बक्षीस तुमचंच समजा.”

जुन्या वाहनांच्या एका प्रदर्शनात परीक्षक म्हणून आलेल्या गृहस्थांनी मला हे सांगितलं. माणूस सज्जन होता. भर दुपारी तापलेल्या डांबरावर गुडघे टेकून त्यांनी इंजिनावरचा आणि फ्रेमवरचा नंबर ताडून पाहिला, दोन्ही सायलेन्सर चाचपले, टाकीवरच्या सोनेरी रेघा ब्रशने मारलेल्या आहेत हेही बरोबर ओळखलं. मग मला वाईट वाटू नये म्हणून आवाज जरा खाली आणून म्हणाले, “मॅडम, गाडी अस्सल आहे हो. एवढी एक भानगड सोडली तर.”

ही भानगड काय आहे ते आधी सांगते, कारण माझं भांडण तिच्यावरूनच आहे.

गाडी १९६९ची जावा २५०. म्हैसूरला यादवगिरीत आयडियल जावाचा कारखाना होता, तिथे बनलेली. माझे बाबा मूळचे बेळगावचे, म्हैसूरच्या अशोकपुरमला रेल्वे वर्कशॉपात कारकून. त्यांनी १९८४मध्ये ही गाडी सेकंडहँड घेतली. १९८८च्या पावसाळ्यात एका बैलगाडीला चुकवताना ते पडले आणि डावा घोटा मोडला. हाड जुळलं, पण घोटा आखडला तो कायमचाच. चालता यायचं, जिना चढता यायचा, पण पाऊल वरखाली हलायचं नाही. जावाचा गिअर डाव्या पावलाने टाकायचा असतो. पाय अख्खा उचलून टाकून बघितला, तर आठवड्याभरात गुडघा सुजला. सगळ्यांनी सांगितलं, जावा विका आणि स्कूटर घ्या, स्कूटरचा गिअर हातात असतो. बाबा स्कूटर घ्यायला गेले नाहीत, मेस्त्रींकडे गेले. “स्कूटरचा गिअर हातात येतो, तर जावाचा का येऊ नये?” एवढंच त्यांनी विचारलं.

मेस्त्रींचं नाव मी लिहीत नाही, त्यांना ते आवडायचं नाही. आम्ही सगळे त्यांना मेस्त्रीच म्हणायचो. (हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. तिकडे त्याचा अर्थ उस्ताद, गुरू असा आहे. आपल्याकडे येईतो त्याची पत उतरली.) ते दिवसा जावाच्या कारखान्यात टूलरूममध्ये कामाला असायचे आणि संध्याकाळी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःच्या जुन्या, पट्ट्यावर चालणाऱ्या लेथवर. बाबांचा प्रश्न ऐकून ते दोन संध्याकाळी नुसते गाडीसमोर स्टूल टाकून बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “होईल.”

होण्यासारखं होतं ते जावाच्या एका खुबीमुळे. या मॉडेलमध्ये गिअरचा पेडल हलला की आतल्या आत क्लच आपोआप उचलला जातो. हाताने क्लच दाबावाच लागतो असं नाही, म्हणजे गिअर बदलताना डावा हात मोकळा राहू शकतो. चेकोस्लोव्हाकियात ज्या कोणी ही योजना केली, त्याने ती चालवणाऱ्याचे कष्ट कमी व्हावेत म्हणून केली असणार. मेस्त्रींनी तिच्यात एका आखडलेल्या घोट्याची सोय वाचली.

पहिला लिव्हर सात इंचांचा होता. तो जमला नाही. हाताला गिअरबरोबर क्लचची स्प्रिंगही रेटायला लागायची, बाबांचं मनगट भरून यायचं. दुसरा केला अकरा इंचांचा. जोर कमी लागायला लागला, पण भरीव सळईचा तो लिव्हर इतका जड झाला की गिअर पडल्यावर आपणहून जागेवर परत येईना. तिसऱ्या खेपेला मेस्त्रींनी सायकलच्या फ्रेमची नळी कापून पोकळ लिव्हर केला, एक मदतीची स्प्रिंग हाताने वळून बसवली, टाकीखाली फ्रेमला ब्रॅकेट वेल्ड केलं, त्यात गनमेटलचा बुश, तिथून खाली पेडलपर्यंत एक रॉड. मूठ शिसवीची, आमच्याच घरातल्या मोडक्या चौरंगाच्या पायातून कातलेली. अजून एक अडचण होती. जावामध्ये गिअरचा पेडल आणि किक हा एकच दांडा असतो. तो आत दाबून फिरवला की किक होते. तेव्हा किक मारण्याआधी रॉड सुटा करायला हवा. त्यासाठी त्यांनी एक पिन केली. किक मारताना ती ओढून काढायची, गाडी सुरू झाली की परत घालायची. ही पिन मुठीत धरून उभं राहणं हे माझं काम होतं. मी नऊ वर्षांची होते. एकदा ती माझ्या हातून गटारात पडली, तेव्हा आईच्या केसातल्या आकड्यावर बाबा ऑफिसला गेले.

तो लिव्हर बाबांनी बावीस वर्षं वापरला. एकदाही तुटला नाही.

परीक्षकांना जी भानगड दिसली, ती ही.

आता यात माझी कुरबुर फक्त बक्षिसाची असती, तर तुमचा वेळ घेतला नसता. एखाद्या हौशी मंडळाने आपल्या कपाटातल्या कपांना काय नियम लावावेत हा त्यांचा प्रश्न आहे. पण तोच परीक्षक आता कायद्यात जाऊन बसला आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१मध्ये मोटार वाहन नियमांत व्हिंटेज वाहनांसाठी नवा भाग घातला. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी असेल, तर तिला वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली हवी, तिच्यात मोठा फेरफार झालेला नको, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनातला कुठलाही बदल हा मोठा फेरफार धरला जाईल. टाकीखालचं ते दोन इंची ब्रॅकेट फ्रेमला वेल्ड केलेलं आहे. म्हणजे चासीत बदल. ज्याला मी कागद दाखवले त्या जाणकाराने तीस सेकंदांत निकाल दिला, “मॅडम, हे सोडा.”

त्याआधी जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातल्या एका प्रकरणात सांगून टाकलं आहे की उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल वाहनात करता येणार नाही. अपंग माणसासाठी कायद्यात एक खिडकी आहे, नाही असं नाही. अशा माणसासाठी गाडीत बदल करून घेता येतो. पण व्याख्येतच म्हटलं आहे की अशी गाडी केवळ त्या व्यक्तीने किंवा त्या व्यक्तीसाठीच वापरायची. बाबा २०१३मध्ये गेले. त्यांच्याबरोबर लिव्हरचं कारणही गेलं, असं कायद्याचं म्हणणं. बाबांनी १९८९ साली तो बदल कागदावर चढवून घेतला नव्हता, ही चूक मी कबूल करते. घेतला असता तरी आज माझ्या हाती तो बेकायदाच ठरला असता.

मराठीत एक जुना दफ्तरी शब्द आहे, अस्सलबरहुकूम. नक्कल केली की कारकून तळाशी लिहायचा, ‘अस्सलबरहुकूम नक्कल’. म्हणजे अस्सलाच्या हुकमाप्रमाणे, कानामात्रेचा फरक न करता. जमिनीच्या उताऱ्याला हे ठीक आहे. पण रस्त्यावर पन्नास वर्षं चाललेल्या यंत्राला तुम्ही अस्सलबरहुकूम राहायला सांगता, तेव्हा नेमकं काय सांगता? की तू चालायला नको होतंस. शोरूममधून निघून थेट गोदामात जायचं होतंस. ज्या गाडीला गरीब मालक मिळाला, जिने दूध वाहिलं, पोरं शाळेत सोडली, जिचा सुटा भाग बाजारात मिळेना तेव्हा कोणीतरी तो घडवून दिला, ती गाडी वारसा नाही. जिचा मालक इतका श्रीमंत होता की गाडी चालवायची गरजच पडली नाही, ती वारसा.

आणि अस्सल अस्सल म्हणजे तरी कुठलं? जावा या नावाचा जावा बेटाशी काही संबंध नाही. फ्रान्टिशेक यानेचेक या चेक कारखानदाराने १९२९मध्ये वाँडरर या जर्मन कंपनीच्या मोटरसायकलीचे हक्क घेतले. यानेचेकचा ‘या’ आणि वाँडररचा ‘वा’ मिळून चेक उच्चारात ‘यावा’. आपण लिपी वाचली आणि तिला ‘जावा’ केलं. म्हणजे नाव हाच जोडकामाचा नमुना, उच्चार हा आपला फेरफार. १९६०च्या सुमारास इराणी कुटुंबाने म्हैसुरात कारखाना काढला, पहिल्या गाड्या चेकोस्लोव्हाकियातून सुट्या भागांत आणून इथे जुळवल्या, मग हळूहळू भाग इथेच पडायला लागले. सत्तरीच्या दशकात जावा हे नाव जाऊन त्याच कारखान्यातून ‘येझदी’ निघाली, इराणातल्या यझ्द गावावरून. १९९६मध्ये कारखान्याला टाळं लागलं. तर जर्मन यंत्राचा चेक संसार, त्याचा म्हैसुरी अवतार, त्याला इराणी गावाचं नाव. या साखळीतल्या प्रत्येक कडीला ‘उत्पादक’ म्हणून मान आहे. फक्त शेवटची कडी, जी पत्र्याच्या शेडमध्ये होती, ती छेडछाड.

मला सगळ्यात झोंबतं ते हेच. मेस्त्री दिवसा यादवगिरीच्या कारखान्यात ज्या हातांनी काम करत, ते काम मूळ. त्याच हातांनी संध्याकाळी शेडमध्ये जे केलं, तो फेरफार. वर्नियर तोच, हिशेब तोच, डोळा तोच. फरक एवढाच की दिवसा त्या कामावर कंपनीचा शिक्का होता. परीक्षक गुडघ्यावर बसून ज्या भागांना नमस्कार करत होते, त्यातला एखादा भाग मेस्त्रींनीच केलेल्या जिगमधून निघालेला असू शकतो.

हे म्हटलं की लोक मान डोलावतात आणि म्हणतात, “हो ना, आपला जुगाड!” या शब्दाचा मला राग येतो. गेली काही वर्षं तो व्यवस्थापनाच्या पुस्तकांतून आणि परिसंवादांतून कौतुकाने मिरवला जातो. भारतीय माणसाची कल्पकता वगैरे. पण ज्याला जुगाड म्हटलं त्याचा दर ठरतो जुगाडाचा. तात्पुरतं, स्वस्तातलं, वेळ मारून नेणारं. अकरा इंचांचा तो लिव्हर वेळ मारून नेण्यासाठी केलेला नव्हता. दोन वेळा फसल्यावर, वजन आणि जोर यांचा मेळ बसवून, तिसऱ्यांदा केलेलं ते डिझाइन होतं. मेस्त्री स्वतः त्याला कन्नडमध्ये ‘कैकेलस’ म्हणायचे. कै म्हणजे हात, केलस म्हणजे काम. हातकाम. पुरेसा शब्द आहे. कस्टमायझेशन म्हणायची मला तरी गरज वाटत नाही, जरी आज त्याच कामाला मोठ्या शहरांत काचेच्या दुकानात हे नाव आणि लाखांतलं बिल मिळतं.

कंपन्यांना मात्र वारशात हवा तो फेरफार करायची मुभा आहे. २०१८मध्ये जावा हे नाव नव्या मालकांनी भारतात परत आणलं. नव्या गाडीचं इंजिन २९३ सीसीचं, पाण्याने थंड होणारं. तरीही त्यावर हवेने थंड होणाऱ्या जुन्या इंजिनासारख्या पाकळ्या, आणि जुन्यासारखे दोन सायलेन्सर, कारण गिऱ्हाईकाला आठवण हवी असते. त्याला माझी हरकत नाही, गाडी दिसते छान. पण आठवणीसाठी पाकळ्या लावल्या तर तो वारशाचा सन्मान, आणि मोडक्या घोट्यासाठी लिव्हर लावला तर वारशाचा भंग, ही वाटणी कोणी केली?

इथे बर्ट मन्रोची गोष्ट सांगायलाच हवी. न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाला इन्व्हरकार्गिल नावाचं गाव आहे. तिथल्या या माणसाने १९२०मध्ये एक नवी ‘इंडियन स्काउट’ घेतली. इंडियन हे अमेरिकन कंपनीचं नाव, आपला त्यात काही हात नाही. इंजिन ६०० सीसीचं, वेग फार तर तासाला ५५ मैल. मन्रोने पुढची चाळीसहून जास्त वर्षं त्या एका गाडीत काढली. पैसे नव्हते, म्हणून भाग स्वतः केले. पिस्टन जुन्या डब्यांत ओतले. कनेक्टिंग रॉड ट्रॅक्टरच्या ॲक्सलमधून कानशीने घासून काढले. मोजायला मायक्रोमीटर हवा, तर तो चाकाच्या आऱ्यापासून बनवला. फुटलेले, जळलेले भाग तो फेकायचा नाही, शेडमधल्या फळीवर मांडून ठेवायचा आणि त्या फळीवर त्याने लिहिलं होतं की हे वेगाच्या देवाला अर्पण. १९६७मध्ये, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनेव्हिलच्या मिठागरी मैदानावर त्याने हजार सीसीच्या आतल्या गटात तासाला १८३ मैलांहून अधिक वेगाचा विक्रम केला. तेव्हा इंजिन ९५० सीसीचं झालं होतं. त्याच्यावर २००५मध्ये सिनेमा आला, अँथनी हॉपकिन्सने मन्रोचं काम केलं. ती गाडी इन्व्हरकार्गिलमध्ये एका हार्डवेअरच्या दुकानात ठेवली आहे, लांबून लोक बघायला येतात.

आपल्या २०२१च्या नियमाने ती गाडी व्हिंटेज नाही. इंजिन बदललं, चासी बदलली. माझ्या परीक्षकांनी मन्रोला काय सांगितलं असतं? पिस्टन काढा, कंपनीचे घाला, वेग पंचावन्नावर आणा, पुढच्या वर्षी या.

तौलनिक साहित्याच्या वर्गात बसून आलेल्या माणसाने एव्हाना थीसिअसचं जहाज आणायला हवं होतं. ते मी आणणार नाही. एम.ए.च्या पहिल्याच वर्षी ते इतक्यांदा आमच्या डोक्यावर आदळलं की आता त्याची एकही फळी ओळखीची वाटत नाही. मला माझ्या भाषेतलं उदाहरण पुरतं. गीतेचे सातशे श्लोक. ज्ञानेश्वरांनी १२९०मध्ये त्यांच्या सुमारे नऊ हजार ओव्या केल्या. याहून मोठा फेरफार दाखवा. दृष्टान्त त्यांचे, घरगुती संसार त्यांचा, गुरुस्तवनाची पानंच्या पानं त्यांची. कुठल्या परीक्षकाने सांगितलं का, की ओव्या घासून काढा, आतले श्लोक अस्सल आहेत?

दुसरी बाजूही त्याच ग्रंथाच्या इतिहासात आहे, आणि ती लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. तीनशे वर्षांत ज्ञानेश्वरीत पाठभेद शिरले, कोणीही आपली ओवी घुसडायला लागलं, तेव्हा १५८४मध्ये एकनाथांनी ती शुद्ध केली आणि यात पुन्हा कोणी आपलं काही घालू नये, असं बजावून ठेवलं. म्हणजे आपल्याकडचे पहिले मोठे रिस्टोअरर तेच. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. एकनाथ नसते तर माझ्या हातात आज कुठली ज्ञानेश्वरी असती कोण जाणे. पण हेच एकनाथ भागवताच्या एकाच स्कंधावर स्वतःचा अख्खा मराठी ग्रंथ लिहितात, रामायणाला आपल्या काळाची भाषा देतात. जुनी पोथी जपणं आणि नवं घडवणं ही दोन कामं आहेत, एकाच माणसाला दोन्ही येऊ शकतात. घुसडलेली, नाव न सांगणारी ओवी आणि उघडपणे केलेली टीका यांतला फरक त्यांना कळत होता. आमच्या नियमकर्त्यांना तो कळत नाही.

मी कन्नडमधून मराठीत आणते, वीस वर्षं हेच करते आहे. माझ्या एका अनुवादावर परीक्षण आलं होतं, ‘मुळाशी पूर्ण प्रामाणिक’. लिहिणाऱ्यांना कन्नड येत नाही, हे मला माहीत आहे. त्यांना म्हणायचं होतं की कुठे सांधा दिसला नाही. आमच्या धंद्यात सांधा न दिसणं हीच शाबासकी, आणि गाड्यांच्या प्रदर्शनातही तीच. चकाचक क्रोम, परदेशातून मागवलेला कोरा भाग, हात लागल्याची खूण कुठेही नाही. त्या पुस्तकात एके ठिकाणी मूळ लेखिकेने तुळूतली शिवी वापरली होती, तिला मराठीत जोड नव्हती. मी बेळगावकडची एक घडवून घातली. ते ब्रॅकेटच होतं. वेल्ड दिसत होतं. त्याच्यामुळेच ते पान चाललं, असं मला अजूनही वाटतं. परीक्षणात त्याचा उल्लेख नव्हता, बहुधा दिसलंच नाही.

आता विरुद्ध बाजूचं खरं बळ कुठे आहे ते बघू. सायलेन्सर फोडून रात्री अकरा वाजता हॉस्पिटलसमोरून फटाके उडवत जाणारी बुलेट मलाही ऐकू येते. फ्रेम मधूनच कापून, मागचा मडगार्ड उडवून, ब्रेककडे ढुंकून न पाहता ‘बॉबर’ म्हणून विकलेल्या जावा मी पाहिल्या आहेत, आणि एक तर अशी पाहिली की मेस्त्रींनी तोंड फिरवलं. वेल्डिंग वाईट असेल तर फ्रेम तुटते आणि माणूस मरतो. त्यात मागे बसलेली बाई असते, समोरून येणारं पोर असतं. न्यायालयाला आणि सरकारला ही भीती वाटणं योग्य आहे. शिवाय जुन्या गाड्यांच्या बाजारात फसवणूक चालते, नंबर पाडले जातात, तीन गाड्यांची एक करून ‘ओरिजिनल’ म्हणून खपवतात. त्याला चाप हवा.

पण बघा, या सगळ्याला उत्तर काय आहे? तपासणी. वेल्ड तपासा, ब्रेक तपासा, आवाज मोजा. माझ्या ब्रॅकेटवर हातोडा मारून बघा, हवं तर एक्स-रे काढा. ते कोणी केलं नाही. ते न विचारता फक्त एवढंच विचारलं गेलं की हे कारखान्यातून आलं का. सुरक्षिततेचा प्रश्न उगमाच्या प्रश्नाने सोडवायचा, ही आळशी माणसाची पद्धत आहे. जात बघून स्वयंपाक चांगला आहे की नाही ठरवण्यासारखी. आणि व्हिंटेज नोंदणीच्या बाबतीत तर सुरक्षिततेची सबबही फारशी टिकत नाही, कारण ती गाडी रोज चालवायचीच नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती, एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची मुभा आहे.

फसवणुकीचं म्हणाल, तर ती लपवलेल्या बदलाने होते. मला परीक्षकांनी जे करायला सांगितलं ते आठवा. ब्रॅकेट घासा, वर रंग मारा. म्हणजे झालेली गोष्ट झालीच नाही असं दाखवा. मूळपणाच्या नावाखाली मला एक लबाडी करायला सांगितली गेली, आणि तिला पहिलं बक्षीस होतं.

माझं मागणं फार मोठं नाही. बदल जुना असेल, केव्हा, कोणी, कशासाठी केला हे सांगता येत असेल, आणि तपासणीत तो टिकत असेल, तर तो नोंदणीत लिहा. इतिहास म्हणून लिहा. घराच्या उताऱ्यावर फेरफाराची नोंद करतात, वारस चढवतात, बोजा चढवतात. त्याने घर खोटं ठरत नाही. हौशी मंडळांनी तर उद्याच सुरुवात करायला हरकत नाही, त्यांना संसदेची वाट बघावी लागत नाही. प्रत्येक गाडीपुढे मालकाच्या नावाची पाटी असते. तिच्यावर एक ओळ मेस्त्रीसाठी ठेवा.

घाई आहे ती यासाठी की सांगणारी माणसं संपत आली. आमचे मेस्त्री आता ऐंशीच्या पुढे आहेत. हात थरथरतात. लेथ त्यांच्या मुलाने तीन वर्षांपूर्वी भंगारवाल्याला किलोवर घातला. मुलाचं चुकलं असं नाही, शेडची जागा हवी होती. लिव्हरचं कुठलंही ड्रॉइंग नाही, कधीच नव्हतं.

गेल्या महिन्यात गनमेटलचा बुश झिजून लिव्हरला खेळ आला. हेब्बाळ औद्योगिक वसाहतीत एक तरुण टर्नर आहे, त्याच्याकडे गेले. त्याने संगणकावर चालणारं यंत्र दाखवलं आणि विचारलं, “ड्रॉइंग आहे का?” मी त्याला रिक्षात घालून मेस्त्रींकडे नेलं. मेस्त्री व्हरांड्यात खुर्चीवर होते. झिजलेला बुश त्यांनी अंगठा आणि तर्जनीत फिरवला.

“पोरी, पिन आहे का अजून?”

“आहे, मेस्त्री. तुम्ही केलेली नाही, ती गटारात गेली. नंतरची आहे.”

“नंतरचीही मीच केली होती,” ते म्हणाले. मग त्या मुलाला वर्नियर धरायला लावला आणि तासभर आकडे सांगत बसले. कुठे दोन दशांश सैल ठेवायचा, तेलाची खाच कुठल्या बाजूला, आणि का. मुलाने फोनवर लिहून घेतलं, मी कागदावर. दोन ठिकाणी आमचे आकडे जुळले नाहीत, म्हणून परत विचारायला जावं लागलं.

नवा बुश बसला आहे. या वर्षीच्या प्रदर्शनाचा अर्ज मी भरला. त्यात ‘मूळ नसलेले भाग’ असा रकाना आहे, एका ओळीचा. ती ओळ पुरली नाही, म्हणून वेगळा कागद जोडला आहे. त्यावर तीनही लिव्हरची लांबी आहे, वर्षं आहेत, बुशाचं माप आहे, बाबांच्या घोट्याबद्दल दोन वाक्यं आहेत. करणाऱ्याच्या नावाची जागा मेस्त्रींना विचारून भरली. त्यांनी सांगितलं, “मेस्त्री लिही, बस.”